कूलंट जातं कुठे? जुन्या गाडीच्या गळतीबद्दल वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की गाडी गरम होण्याच्या तक्रारी वाढतात. यंदा आलेल्या प्रश्नांत बरेचसे पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांचे आहेत आणि जवळजवळ सगळ्यांचं मूळ कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत पाण्याच्या, गळतीत आहे. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २००७ ची वॅगन आर आहे. दर आठ-दहा दिवसांनी कूलंटच्या बाटलीतली पातळी 'लो'च्या खाली जाते. गाडीखाली मात्र थेंबही दिसत नाही. मेकॅनिक म्हणतो, जुनी गाडी आहे, थोडं पाणी पिणारच. हे खरं आहे का? (सातारा)

उत्तर : नाही. कूलंटचा मार्ग बंदिस्त असतो, तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. वर्षभरात पातळी बोटभर उतरली तर हरकत नाही. आठवड्यात बाटली रिकामी होत असेल तर कुठेतरी गळती आहेच. ती सापडेपर्यंत नुसतं पाणी भरत राहू नका. रोज पाणी घातलं की उरलेलं कूलंट पातळ होत जातं आणि आतून गंज धरतो.

गाडीखाली थेंब नसण्याचं कारण साधं आहे. गरम इंजिनवर पडलेला थेंब जमिनीवर पोचायच्या आत वाळून जातो आणि मागे खार राहतो. म्हणून ओल शोधण्यापेक्षा खार शोधा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा आणि टॉर्च घेऊन पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा कुठे धरलाय ते पाहा. पहिली जागा रेडिएटरची, म्हणजे कूलंट गार करणाऱ्या जाळीची. बहुतेक गाड्यांत वरची टाकी प्लास्टिकची आणि जाळी ॲल्युमिनियमची असते. दोन्हींच्या जोडावरचं रबर वर्षानुवर्षं तापून कडक होतं आणि तिथून पाझर सुरू होतो. मग होज पाइपची टोकं बघा. क्लिपच्या कडेला खार दिसतो का? पाइप बोटांनी दाबून पाहा. आतून करकर लागली किंवा पाइप पिठासारखा मऊ पडला असेल तर त्याचे दिवस भरलेत. केबिनच्या भिंतीकडे जाणारे हीटरचे दोन बारीक पाइप सगळे विसरतात, ते विसरू नका.

त्यानंतर वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप. त्याच्या अंगाला खालच्या बाजूने एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावं, यासाठी ते असतं. वरून ते दिसत नाही. छोटा आरसा खाली धरून पाहावं लागतं. भोकाखाली खाराचा ओघळ दिसला तर पंप बदला. ते भोक बुजवून घेतलेल्या गाड्याही येतात. तसं केलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि थोड्या दिवसांत पंपच जाम होतो.

एवढं पाहूनही काही सापडलं नाही, तर आधी रेडिएटरची कॅप तपासा. जुन्या छोट्या गाड्यांच्या कॅपवर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. चौरस सेंटिमीटरला तेवढे किलो दाब ती धरून ठेवते. ०.९ च्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर चिरलं की हा दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाटलीतून उतू जातं. कॅपच्या मधोमध दुसरी छोटी झडप असते. इंजिन थंड होताना ती बाटलीतलं पाणी परत आत घेते. ती अडकली तर रात्रभराने वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो. अगदी थोडक्या पैशांची वस्तू आहे. नवी घ्या, पण आकडा तोच पाहून घ्या.

तरीही पातळी उतरत राहिली तर प्रेशर टेस्ट करणारं गॅरेज गाठा. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप जोडून कॅपवरच्या आकड्याइतकाच दाब देतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा उतरतो का ते पाहतात. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच थेंब नाही, म्हणजे पाणी इंजिनच्या आत चाललंय, नाहीतर केबिनमध्ये. अशा वेळी हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधल्या पट्टीवर संशय घ्या. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणं, गाडी तापल्यावरही धुराड्यातून पांढरा गोडसर वासाचा धूर येणं, ही त्याची लक्षणं आहेत. खात्रीसाठी एका निळ्या द्रवाची चाचणी असते: रेडिएटरमधली हवा त्यातून ओढतात आणि जळालेला वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. ही चाचणी झाल्याशिवाय कोणालाही हेड उघडू देऊ नका.

प्रश्न : इंडिकाच्या रेडिएटरला बारीक गळती आहे. एक जण म्हणतो हळद टाका, दुसरा म्हणतो गळती बंद करायची पावडर टाका. काय करू? (लातूर)

उत्तर : हळदीचा उपाय ट्रकवाल्यांचा, फार जुना. तो काही वेळ चालतो, कारण हळदीचे कण फुगून भोकात बसतात. पण त्या कणांना भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली हे कळत नाही. ते हीटरच्या बारीक नळ्यांतही बसतात. बाटलीबंद पावडरीचंही तेच. रात्री आडरस्त्याला अडकलात आणि घर गाठायचं आहे, तर टाका. पण घरी आल्यावर सगळं फ्लश करा आणि खरी दुरुस्ती करा. एरवी माझं उत्तर स्पष्ट नाही असंच आहे. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी. त्याच्या क्षाराने नळ्या आधीच अरुंद झालेल्या असतात, त्यात आणखी भर कशाला?

दुरुस्ती रेडिएटर कशाचा आहे यावर ठरते. जुना तांब्या-पितळेचा असेल तर चांगला रेडिएटरवाला डाख देऊन देईल, ते काम टिकतं. ॲल्युमिनियम-प्लास्टिकचा असेल तर टाकीचं रबर किंवा टाकी बदलता येते. जाळी जागोजागी खाल्ली गेली असेल तर नवाच घ्या. प्लास्टिकच्या टाकीला एम-सील लावून महिनोन्‌महिने चालवू नका. ताप आणि धक्के मिळून ते सुटतंच, आणि सुटतं ते घाटात. दुरुस्तीनंतर रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून, हवेचा दाब देऊन तुमच्यासमोर तपासायला सांगा. भरताना तयार कूलंट, नाहीतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळलेलं कूलंट वापरा.

प्रश्न : सँट्रोत डाव्या बाजूचा गालिचा ओला होतो आणि पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं धरतं. पावसाचं पाणी असेल का? (चिपळूण)

उत्तर : चिपळूणच्या पावसात तो संशय येणारच, पण चिकट धुकं हीटरच्या कोअरकडे, म्हणजे डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरकडे बोट दाखवतं. गालिच्यावर पांढरा कागदी रुमाल दाबा. स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर ते पावसाचं किंवा एसीचं. एसी लावल्यावरच ओल येत असेल तर एसीची निचरा नळी तुंबली आहे. रुमालाला रंग लागला, बोटांना बुळबुळीत लागलं, गोडसर वास आला, तर कूलंट आहे. चव मात्र कधीही घेऊ नका.

कोअर बदलायचा म्हणजे बहुधा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरी भागाच्या किमतीपेक्षा जास्त होते. कोकणात हीटर लागतोच किती? इंजिनकडून येणारे हीटरचे दोन पाइप एकमेकांना जोडून कोअर वगळून घ्या. पाइपांची तोंडं नुसती बंद करू नका, कारण काही इंजिनांत तो प्रवाह चालू राहणं गरजेचं असतं. काचेवरचं धुकं एसीने जाईल.

प्रश्न : जुन्या झेनचा रेडिएटर बदलला, तरी तापमानाची सुई मध्येच वर जाते, मध्येच एकदम खाली येते. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला आणि फॅन डायरेक्ट केला. आता ठीक आहे म्हणतो. (नाशिक)

उत्तर : ठीक नाही. सुई अशी नाचते तेव्हा आत हवा अडकलेली असते. सुईचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. त्याच्याभोवती हवा आली की इंजिन तापलेलं असतानाही सुई खाली येऊ शकते. त्यामुळे एकदम उतरलेली सुई पाहून निर्धास्त होऊ नका.

एअर काढून घ्या. थंड गाडी पुढचं तोंड उतारावर वर राहील अशी उभी करा, कॅप काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन संथ चालू द्या आणि पातळी उतरेल तसं हळूहळू कूलंट घाला. वरचा पाइप गरम होऊन बुडबुडे थांबले की कॅप लावा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, परत बसवा. तो साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो. जुन्या पातेल्यातल्या तापत्या पाण्यात टांगून तो उघडतो की नाही हे तपासता येतं. तो नसेल तर नाशिकच्या थंडीत इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं आणि ऑइल खराब होतं. फॅन डायरेक्ट, म्हणजे सतत चालू राहील असा, केल्याने मूळ दोष, म्हणजे बिघडलेला स्विच किंवा रिले, तसाच राहतो.

प्रश्न : महाबळेश्वरला जाताना घाटात मारुती ८०० उकळली. अशा वेळी नेमकं काय करायचं? (कोल्हापूर)

उत्तर : एसी बंद, हीटर पूर्ण, जागा मिळताच गाडी बाजूला आणि इंजिन बंद. कॅपला किमान अर्धा-पाऊण तास हात लावू नका. दाबाखालचं पाणी अंगावर उडून चेहरा भाजतो. इंजिन थंड झाल्यावर कॅपवर जाड फडकं ठेवून सावकाश फिरवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमच्या हेडला बाक किंवा तडा जाऊ शकतो. महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटर उंचीवर उघडं पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे पायथ्याशी कशीबशी चालणारी गळकी कॅप वर हमखास दगा देते. उकळलेल्या गाडीचं ऑइल जरूर तपासा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर तिथूनच टोइंग करा, पुढे चालवू नका.

प्रश्न : पार्किंगमध्ये हिरवं कूलंट सांडलं आहे. सोसायटीत कुत्री-मांजरं आहेत. काही धोका? (पुणे)

उत्तर : मोठा धोका आहे. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. मांजराला तर अगदी थोडंही पुरतं. आत्ताच त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून उचला, जागा भरपूर पाण्याने धुवा आणि एखाद्या जनावराने चाटलं असेल तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्याकडे न्या. बदललेलं कूलंट गटारात न ओतता झाकणबंद कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये द्या.