पत्रपेटीवर आधी आडनाव लाव

ऑक्टोबरपासून म्युनिकला मास्टर्स सुरू होतंय, पहिल्या महिन्यात काय काय सांभाळू, असं विचारलंयस. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), आरोग्य विमा हे सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, ते मी उगाळत नाही. मी इथे २०१६ मध्ये आले. तुझा प्रश्न वाचल्यापासून मात्र दोन रात्री धड झोप नाही.

खोलीची किल्ली मिळाली की पहिलं काम, पत्रपेटीवर आपलं आडनाव चिकटव. हसू नकोस. पोस्टमन इथे फ्लॅटचा नंबर शोधत नाही, नाव शोधतो. नाव दिसलं नाही की पत्र आल्या वाटेने परत.

माझी खोली पोटभाड्याची होती. ज्याच्याकडून घेतली तो भाडं एक तारखेला मोजून घ्यायचा, पण मी तिथे राहते असा सहीचा कागद मागितला की 'पुढच्या आठवड्यात'. त्या कागदाशिवाय आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, होत नाही. कायदा म्हणतो दोन आठवड्यांत करा. माझे पाच आठवडे गेले. नोंदणीचा दाखला नाही म्हणून बँक खातं उघडेना, आणि खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले माझेच पैसे मला मिळेनात. शेवटी कागद दिला, खातं उघडलं, तर कार्डाचा पिन परत गेला. त्याने पेटीवरची माझी पट्टी काढून टाकली होती! त्या दिवसांत मी रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये टाकून अनामतीचे २५-२५ सेंट जमवलेत. स्वतः प्यायलेल्या बाटल्या नव्हत्या त्या, एवढं सांगते.

तेव्हा सहीचा कागद मिळणार की नाही हे पैसे देण्याआधी विचार. 'नोंदणी करता येणार नाही' म्हणाला, तर कितीही स्वस्त असो, सोड.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. पुढे.

तासांना बसलास म्हणजे परीक्षेला बसलास असं नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिची मुदत कुणी आठवण न करता निघून जाते. माझा एक विषय तसाच गेला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. आई नेहमीच्या वेळी फोन करायची, मी उचलायचे नाही. तासाला असते म्हणून सांगितलं. नसायचे मी तासाला. खोलीत पडून फोन वाजताना बघत असायचे, कारण उचलला असता तर आवाजावरून तिला कळलं असतं. (वर 'पुढे' लिहिलं खरं.)

आणि गुण. इथे १.० सगळ्यात वरचा, ४.० म्हणजे काठावर पास. पहिल्या सत्रात एका विषयात मला ३.७ मिळाले. बाबांनी विचारलं, मी आकडा सांगितला. त्यांना अमेरिकेतला हिशोब माहीत, चारपैकी ३.७. नातेवाइकांना फोन करून झाले. मी खोटं बोलले नाही, फक्त गप्प बसले.

अजून गप्पच आहे. गेल्या महिन्यात ते इथे आले होते, जेवताना पुन्हा तो ३.७ निघाला. माझा नवरा इथेच शिकलाय. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून जेवत राहिला.