डोक्याला लावायचं तेल निवडताना

बाटलीवर मोठ्या अक्षरात 'भृंगराज' असलं तरी मागची बारीक यादी वाच. पहिलंच नाव लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल असेल, तर वनस्पतींचा वाटा नावापुरताच. ती बाटली ठेवून दे.

सुरुवातीला साधं घाण्याचं खोबरेल घे. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात घेतलंस तर आधी वास घे; खवट, जुन्या खोबऱ्यासारखा आला तर नको.

माका, म्हणजेच भृंगराज, घालायचा असेल तर सुकवलेलाच. १०० मिली तेलात १० ग्रॅम, गरम पाण्यात भांडं ठेवून तासभर, मग कोरड्या फडक्याने गाळ. ओल्या पानांचं पाणी तेलात राहतं आणि ठाण्याच्या पावसाळी दमटपणात तेल लवकर खराब होतं. रोझमेरीचा अर्क (इसेन्शियल ऑइल) १० मिली तेलाला दोनच थेंब. नुसता कधीच लावू नकोस, त्वचेची आग होऊ शकते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघ.

कोंडा असेल तर मात्र तेल थांबव. त्यामागची बुरशी तेलावरच पोसते. एरवी आठवड्यातून एकदा, दोन चमचे, धुण्याआधी तासभर पुरे. रात्रभर तेल, त्यात घाम, म्हणजे कपाळावर पुटकुळ्या.

गळतीने टक्कल दिसू लागलं असेल तर तेल बदलत बसू नकोस, सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.