जैवतंत्रज्ञानाला प्रवेश: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बारावीला माझा पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गट होता, गणित नव्हतं. एमएचटी-सीईटीत पीसीबीतून ९४ पर्सेंटाइल मिळाले, तरी बी.टेक. बायोटेक्नॉलॉजीच्या गुणवत्ता यादीत नाव नाही. पुढं काय करू? (विद्यार्थिनी, लातूर)

नाव गळलेलं नाही, ते त्या यादीत येणारच नव्हतं. अभियांत्रिकीची कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) यादी पीसीएम (जीवशास्त्राऐवजी गणित) गटाच्या पर्सेंटाइलवर लागते. पीसीबीचा स्कोअर औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी शाखांसाठी असतो. 'बायो' शब्द पाहून दरवर्षी अनेक मुलं इथं फसतात आणि फॉर्म भरताना त्यांना कुणी अडवतही नाही, याचं वाईट वाटतं. बी.टेक. बायोटेक ही अभियांत्रिकीची शाखा आहे. त्यात फर्मेंटरमध्ये (पेशी वाढवायच्या टाकीत) ऑक्सिजन किती वेगानं विरघळतो, उष्णता कशी बाहेर काढायची, पेशींची वाढ कोणत्या समीकरणानं मांडायची, हे शिकवतात. गणित कच्चं असेल तर प्रवेश मिळूनही विषय मागे राहतात.

तुमच्यासाठी सर्वांत जवळची वाट तुमच्याच गावात आहे. राज्यातल्या कृषी विद्यापीठांचा चार वर्षांचा बी.टेक. (जैवतंत्रज्ञान) अभ्यासक्रम पीसीबीच्या सीईटीवर मिळतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं विलासराव देशमुख कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय लातूरलाच आहे. ऊतीसंवर्धन, पिकांची जनुकं, रोगप्रतिकारक वाण यांत रस असेल तर हा अभ्यासक्रम दुय्यम समजू नका. मात्र त्याची नोंदणी अभियांत्रिकीच्या कॅपपेक्षा वेगळी असते. एक फॉर्म भरला म्हणजे दोन्हीकडे नाव गेलं असं होत नाही. कुटुंबाची शेती असेल तर सातबारा उतारा आधीच काढून ठेवा. कृषी प्रवेशात त्याला भारांक (जादा गुण) मिळत आला आहे.

वेल्लोरचं व्हीआयटी किंवा चेन्नईचं एसआरएम यांसारखी काही अभिमत विद्यापीठं पीसीबीच्या मुलांनाही बी.टेक. बायोटेकला घेतात. तिथं परीक्षा त्यांची स्वतःची असते आणि फी सरकारी महाविद्यालयाच्या कितीतरी पट, म्हणून चारही वर्षांची फी, वसतिगृह आणि खाणावळ धरून हिशेब मांडा. अभियांत्रिकीच हवी असेल तर राज्य मंडळाकडं गणित हा पृथक (एकटाच) विषय घेऊन परीक्षा देता येते आणि पुढच्या वर्षी पीसीएमची सीईटी. वर्ष जातं, हे खरं. शिवाय त्या पेपरात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात: ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. सहा महिन्यांत गणित उभं राहील असा विश्वास असेल तरच हा निर्णय घ्या.

प्रश्न: बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीसाठी नीट द्यावी लागते का?

नाही. महाराष्ट्रातली बहुतेक महाविद्यालयं बारावीच्या गुणांवर किंवा स्वतःच्या प्रवेश परीक्षेवर प्रवेश देतात. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा लागते.

प्रश्न: मुलगा जेईई देतोय, आयआयटी किंवा एनआयटीत बायोटेक हवं आहे. राज्याच्या सीईटीसाठी काढलेलं नॉन-क्रीमीलेअर तिथं चालेल का? (पालक, जळगाव)

चालणार नाही. जोसाला (आयआयटी-एनआयटींचे प्रवेश करणारी यंत्रणा) केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल प्रमाणपत्र लागतं आणि ते प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिल किंवा त्यानंतर दिलेलं असावं लागतं. राज्याच्या कॅपमध्ये पाहतात ते नॉन-क्रीमीलेअरची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत आहे का, शिवाय जात वैधता प्रमाणपत्र. म्हणजे नॉन-क्रीमीलेअरचे दोन वेगळे कागद काढायचे.

त्याहून मोठी अडचण याद्यांची. जात राज्याच्या यादीत असली म्हणजे केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे प्रवर्ग केंद्राकडं नाहीत. त्यांतल्या ज्या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, त्यांना ओबीसी म्हणून अर्ज करता येतो. राज्यातला एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गही जोसात नाही. असे विद्यार्थी केंद्राच्या ईडब्ल्यूएससाठी (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) पात्र ठरू शकतात, पण कुटुंबाकडं ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न ८ लाखांच्या आत असूनही नाही. उलट ओबीसीच्या क्रीमीलेअरसाठी ८ लाखांची मर्यादा तपासताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. हे ठाऊक नसल्यानं कितीतरी पात्र मुलं खुल्या प्रवर्गातून फॉर्म भरतात.

अभ्यासाचं म्हणाल तर जेईईत जीवशास्त्राचा एकही प्रश्न नसतो. आयआयटीसाठी मेन आणि ॲडव्हान्स्ड दोन्ही. वरंगळ, राउरकेला, दुर्गापूर अशा एनआयटींसाठी फक्त मेन. बारावीला ७५ टक्के किंवा मंडळातल्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं ही अट आहे, एससी-एसटीसाठी ६५ टक्के. आयआयटीत ही शाखा वेगवेगळ्या नावांनी आहे: दिल्लीत बायोकेमिकल इंजिनिअरिंग अँड बायोटेक्नॉलॉजी, मद्रासला बायॉलॉजिकल इंजिनिअरिंग. पसंतीक्रम भरताना फक्त 'बायोटेक्नॉलॉजी' शोधलंत तर चांगल्या जागा नजरेतून सुटतील.

प्रश्न: मला संशोधनात जायचं आहे. बी.एस्सी. करू की बी.टेक.? (अकरावी, सातारा)

जीव कसा चालतो हा प्रश्न पडत असेल तर बी.एस्सी.; त्याच जीवाकडून कारखान्यात औषध कसं बनवून घ्यायचं हा पडत असेल तर बी.टेक. तिसरी वाट आयसरची (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्था), ती पुण्यातही आहे. प्रवेश आयएटी या परीक्षेतून होतो: भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र, प्रत्येकी १५ प्रश्न, बरोबरला ४ गुण, चुकीला वजा १. एकूण २४० गुणांपैकी ६० गणिताचे, त्यामुळं पीसीबीवाल्यांनीही तो भाग सोडून भागत नाही. अकरावीत आहात, शक्य असेल तर चारही विषय ठेवा.

बी.एस्सी. घेतलीत तर एम.एस्सी.ला मुख्य परीक्षा दोन. आयआयटींसाठी जॅमचा बायोटेक्नॉलॉजी पेपर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी. गॅट-बीचा पहिला भाग बारावीच्या पातळीचा असतो: ६० प्रश्न, त्यांत गणित आणि भौतिकशास्त्रही, चुकीला अर्धा गुण वजा. पदवीच्या विषयांत हुशार असलेली मुलं याच भागात अडखळतात, कारण तीन वर्षांत बारावीचं पुस्तक उघडलेलं नसतं. तेव्हा बारावीच्या वह्या रद्दीत घालू नका.

प्रश्न: खासगी महाविद्यालय निवडताना प्रयोगशाळेत काय पाहावं?

यंत्रांच्या यादीपेक्षा ती चालतात का ते पाहा. लॅमिनार फ्लो (जंतुविरहित हवेचा कक्ष), ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र), सेंट्रीफ्यूज, पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणारं यंत्र), स्पेक्ट्रोफोटोमीटर एवढं तरी हवंच, बी.टेक. असेल तर छोटा बायोरिॲक्टरही. ऑटोक्लेव्हशेजारी वापराची नोंदवही असते, तिच्यात शेवटची नोंद कधीची आहे ते बघा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की पीसीआर स्वतःच्या हातानं केलं की लांबून पाहिलं, आणि एका यंत्रावर किती जणांची बॅच असते. वीस जणांत एकच मायक्रोपिपेट फिरत असेल तर हात बसत नाही.