गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) दोन ब्रँच मर्ज करताना, म्हणजे कामाच्या दोन शाखा एकत्र करताना, दोन-दोन 'मर्ज बेस' का दिसतात? यातला खरा सामाईक पूर्वज कोणता?

दोन्ही खरे.

तुमच्याकडे कुणीतरी 'मेन' ब्रँच 'रिलीज' ब्रँचमध्ये मर्ज केली असणार आणि त्याच सुमाराला दुसऱ्या कुणीतरी 'रिलीज' 'मेन'मध्ये, एकमेकांचं मर्ज न बघता. मग दोन्ही टोकांपासून पालकांमागून पालक (म्हणजे आधीचे कमिट, बदलांच्या नोंदी) मागे जात गेलं की दोन सामाईक कमिट सापडतात. दोघांपैकी कुणीच कुणाचा पूर्वज नाही, त्यामुळे एकाला बाद करता येत नाही. गिट आधी या दोघांचंच आपापसात मर्ज करतं, त्यातून एक तात्पुरता पूर्वज बनवतं आणि तो बेस धरून तुमचं मर्ज करतं. गिटच्या जुन्या मर्ज-पद्धतीचं 'रिकर्सिव्ह' हे नाव त्यावरूनच. 2.34 पासून (नोव्हेंबर 2021) डीफॉल्ट पद्धत 'ऑर्ट' आहे, पण या बाबतीत रीत तीच. पूर्वज शोधणाऱ्या 'मर्ज-बेस' कमांडला '--ऑल' दिलं नाहीत तर दोनातला एकच दिसतो, एवढं लक्षात ठेवा.

दोन हॅश (कमिटचे ओळखक्रमांक) दिसले म्हणून घाबरू नका. एकच हॅश आला आणि तो चार महिने जुना निघाला, तर मात्र घाबरा. माझ्या बाबतीत तेच झालं होतं.

2019 सालची गोष्ट. हिंजवडी फेज टू, कर्जाच्या हप्त्यांचं सॉफ्टवेअर. मेन, आणि जूनमध्ये काढलेली एक रिलीज ब्रँच, जी कधी डिलीटच झाली नाही. दर काही आठवड्यांनी रिलीजमधलं काम मेनमध्ये आणायचं. आमच्या लीडना लॉग 'स्वच्छ' हवा असायचा, म्हणून प्रत्येक वेळी स्क्वॅश, म्हणजे सगळे बदल एकाच साध्या कमिटमध्ये दाबून आणायचे. पहिल्या दोन खेपा सुरळीत गेल्या. मग कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीत दोन्हीकडे वेगवेगळे बदल) यायला लागले, आणि गंमत म्हणजे गेल्या खेपेला सोडवलेलेच परत.

ऑक्टोबरात, पाचव्या खेपेला, माझी पाळी. रात्रीचे साडेदहा, शेवटची बस गेलेली, एकोणीस फायली लाल. त्यातली एक ओळ हप्ता बाऊन्स झाला तर लागणाऱ्या चार्जची. मेनमध्ये 450, रिलीजमध्ये 400. गिट कॉन्फ्लिक्टभोवती टाकतं त्या मार्करांमध्ये हे दोनच आकडे. मेन म्हणजे ताजं, असं धरून मी 450 ठेवलं आणि पुढच्या फायलीकडे गेलो.

बरोबर आकडा 400 होता. ज्यांचा हप्ता चुकला त्या प्रत्येकाला पन्नास रुपये जास्त लागले आणि मग परत करावे लागले. सोमवारी मीटिंगमध्ये लीड सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, कॉन्फ्लिक्ट सोडवताना डोळे उघडे ठेवत जा." मी गप्प बसलो. ते वाक्य अप्रेझलपर्यंत पुरलं.

त्या शनिवारी घरी लॅपटॉप उघडून मेन आणि रिलीजवर मर्ज-बेस चालवलं. हॅश आला, तारीख जूनची. म्हणजे पाच खेपा मर्ज करूनही गिटच्या लेखी काहीच मर्ज झालेलं नव्हतं.

आता तीच ओळ बघा. जूनमध्ये 500 होतं. रिलीजमध्ये 450 झालं, स्क्वॅशने मेनमध्येही 450 आलं. नंतर रिलीजमध्ये 400 झालं. साधं मर्ज केलं असतं तर बेस 450, मेन 450, रिलीज 400. बदल एकाच बाजूला, गिट मुकाट्याने 400 घेतं, मला ती ओळ दिसलीसुद्धा नसती. पण बेस राहिला जूनचा 500, म्हणून दोन्ही बाजू 'बदललेल्या' ठरल्या. पहिल्या खेपा सुरळीत गेल्या त्याचंही कारण हेच: दोन्हीकडे हुबेहूब सारखा बदल असेल तर गिट तक्रार करत नाही, आजार आत वाढत राहतो.

आजोबा त्र्यंबकेश्वरला गेले की उपाध्यांच्या नामावळीत घरातल्या नव्या माणसांची नावं लिहवून यायचे. वहीत नाव नसलेला नातू नातू नसतो असं नाही, पण उद्या वही बघून नातं शोधणाऱ्याला तो सापडत नाही. गिटही फक्त वही बघतं. स्क्वॅशमध्ये मजकूर सगळा येतो, दुसऱ्या पालकाची नोंद तेवढी राहून जाते.

मी काय केलं: शेवटचा स्क्वॅश रिलीजच्या ज्या कमिटपर्यंत झाला होता, तोपर्यंतचं सगळं मेनमध्ये खरंच आलंय का ते तपासलं आणि तो कमिट 'गिट मर्ज -एस अवर्स'ने एकदा मेनमध्ये मर्ज केला. फायलींत एक अक्षर बदलत नाही, नोंद होते. पण त्या जागी हॅशच द्या. ब्रँचचं नाव दिलंत तर अजून न आलेलं कामही आलेलं धरलं जाईल आणि पुढे कितीही मर्ज केलंत तरी ते येणार नाही. आणि '-एक्स अवर्स' हे वेगळं प्रकरण आहे, घाईत ते टाइप करू नका.

पुढच्या खेपेला दोन कॉन्फ्लिक्ट आले, दोन्ही खरे. हे मी लीडना दाखवलं. त्यांचं म्हणणं, "लॉग किती घाण दिसतो बघ." लॉग नीटनेटका हवा असेल तर '--फर्स्ट-पॅरेंट' लावून फक्त पहिल्या पालकांची रांग बघा ना! दिसण्यासाठी इतिहास खोडायचा आणि मग खोडलेल्या इतिहासाची शिक्षा रात्री साडेदहाला ज्युनिअरला, याला मी शिस्त म्हणत नाही.

हां, दोन दिवसांची फीचर ब्रँच स्क्वॅश करून लगेच डिलीट करत असाल तर खुशाल करा, मीही करतो. आणि सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) शॅलो क्लोन, म्हणजे अर्धवट इतिहासाची प्रत, असेल तर मर्ज-बेस रिकामंही येईल, तिथे आधी इतिहास पूर्ण ओढा.

तुमच्या दोन हॅशांचं मर्ज गोंधळाचं वाटलं तर गिटच्या सेटिंगमध्ये कॉन्फ्लिक्टस्टाइल 'झेडडिफ3' करून घ्या (2.35 पासून आहे, आधी 'डिफ3' होतं). मधे बेसची ओळ दिसते. माझ्या स्क्रीनवर त्या रात्री मधे 500 दिसलं असतं, तर 'अरे, हे तर जूनचं' एवढं तरी नक्कीच डोक्यात आलं असतं. डोळे उघडेच होते.