‘सकर’ म्हणजे धावून येणं

प्रश्न: गोव्यात पर्वरीजवळ सुकूरला मावशीकडे गेलो होतो, तिथल्या चर्चचं इंग्रजी नाव ‘अवर लेडी ऑफ सकर’ असं कळलं. हा सकर म्हणजे रेस्क्यूच का? आणि गावाच्या नावाशी त्याचा काही संबंध आहे का?

उत्तर: संबंध आहे, आणि अगदी जवळचा आहे. गावाचं पोर्तुगीज नाव सोकोर्रो, म्हणजे मदत, संकटातली मदत, आणि ते चर्चवरूनच पडलं, लोकांच्या तोंडी त्याचं सुकूर झालं. इंग्रजी सकर आणि हे सोकोर्रो सख्खी भावंडं, दोघांची आई लॅटिन ‘सुक्कुर्रेरे’. त्यातलं ‘कुर्रेरे’ म्हणजे धावणं (करंट, कोर्स, कुरिअर हे सगळे त्याच घरातले) आणि पुढचं ‘सुब’ म्हणजे खाली किंवा अगदी जवळ, म्हणजे अडलेल्याच्या जवळ धावत जाणं. मला हा शब्द मनापासून आवडतो कारण आपण मराठीत हेच बोलतो ना, मदतीला धावून आला, देवाचा धावा केला, गजेंद्राने हाक मारली आणि विष्णू धावत आला! फ्रेंच माणूस बुडताना ‘ओ सकूर’ ओरडतो तोही हाच शब्द.

इंग्रजीत तो तेराव्या शतकाच्या आसपास जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथे एक गंमत झाली. फ्रेंच रूप होतं ‘सुकुर्स’, लोकांना वाटलं शेवटचा स म्हणजे अनेकवचन, मग एकवचन करायला तो स काढूनच टाकला. वाटाण्याचंही असंच झालंय, मूळ शब्द ‘पीज’ हा एकवचनीच होता पण स-ज ऐकून लोकांनी त्याचं ‘पी’ केलं.

आता रेस्क्यू. दिसायला जवळचा वाटतो पण मूळ वेगळं आहे, लॅटिन ‘एक्सकुतेरे’ म्हणजे हलवून, झटकून टाकणं, त्याला सुरुवातीला ‘रे’ लागून फ्रेंचमार्गे रेस्क्यू झाला. म्हणजे एकात धावणं आहे, दुसऱ्यात कुणाच्या तावडीतून झटकून सोडवणं. अर्थातही तो फरक थोडा उरलाय, पुरात छपरावर अडकलेल्याला बोटीत घेतलं तर ते रेस्क्यू, आणि मग त्याला कोरडे कपडे, गरम जेवण, धीर दिला तर ते सकर, म्हणून विहिरीतून मांजर काढलं तिथे सकर वापरू नका, विचित्र वाटेल.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्येही सोकोर्रो नावाचं गाव आहे. 1598 मध्ये हुआन दे ओन्यातेची स्पॅनिश मोहीम वाळवंट पार करून तिथे पोचली तेव्हा पिरो लोकांनी त्यांना मका दिला, त्या मदतीवरून ते नाव पडलं.

इंग्रजी सकरच्या स्पेलिंगमध्ये ब्रिटिश लोक शेवटी ओ-यू-आर लिहितात, अमेरिकन नुसतं ओ-आर.