काखेतली गाठ, लसीनंतरचा ताप आणि वस्तीवरचा नकार

प्रश्न : बाळ अडीच महिन्यांचं आहे. जन्मल्यावर दवाखान्यातच बीसीजी (क्षयाविरुद्धची लस) दिली होती. आता डाव्या दंडावर पुळी आली आहे आणि काखेत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते. शेजारणी म्हणतात, लस बाधली. सोनोग्राफी करावी का? पुढच्या लसी थांबवाव्यात का?
— एक आई, जालना

उत्तर : लसी अजिबात थांबवू नका. दंडावर जे दिसतंय ते बीसीजीचं नेहमीचं आहे. ही लस कातडीतच देतात, महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली. टोचल्यावर आलेला फुगवटा थोड्या वेळात बसतो. मग दोन ते चार आठवड्यांनी तिथे पुळी येते, फुटते, खपली धरते आणि साधारण तीन महिन्यांत वण ठेवून बरी होते. हळद, चुना, शेक, मलम काही नको, आणि पिळायची तर मुळीच नाही. आंघोळीत साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा. काही बाळांना वण उमटतच नाही. त्यांनाही बीसीजी पुन्हा द्यायची गरज नसते.

डाव्या दंडातला लसिकारस डाव्या काखेतल्या ग्रंथींकडे वाहतो, म्हणून गाठ तिथेच येते. ती दीड सेंटिमीटरच्या आत असेल, बोटाखाली सरकत असेल, दुखत नसेल आणि बाळ नीट पीत असेल तर सोनोग्राफीचा खर्च करू नका. महिन्याने पुन्हा दाखवा. गाठ वाढत गेली, वरची कातडी लालसर-जांभळी झाली किंवा दाबल्यावर आत पातळ लागलं, तर मात्र करा. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात आणि बाळाला उपाशीही ठेवावं लागत नाही. नुसती सुजलेली गाठ लांबट दिसते, मध्यभाग पांढरा असतो. पू झाला की तो पांढरा भाग जाऊन आत काळसर पोकळी दिसते.

तपासणीच्या चिठ्ठीवर ‘बीसीजी, डावा दंड’ आणि लसीची तारीख डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्या. हे नसलं की रिपोर्टात ‘क्षयाची शक्यता’ येते आणि तान्ह्या बाळाला टीबीची औषधं सुरू होतात. नुसत्या बीसीजीच्या गाठीला त्यांचा फायदा होत नाही. पू झालाच तर तो सुईने ओढून काढतात. चीर दिली तर जखम कित्येक आठवडे वाहत राहू शकते. इतर ठिकाणीही गाठी, रेंगाळणारा ताप, वजन न वाढणं यांपैकी काही असेल तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा. घरातलं आधीचं एखादं मूल तान्हेपणी दगावलं असेल तर तेही सांगा. प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष त्यावरूनच लवकर सापडतो.

प्रश्न : दीड महिन्याच्या लसीनंतर ताप येतो म्हणून वस्तीवरच्या आया पुढच्या डोसला येत नाहीत. म्हातारी माणसं म्हणतात, लसीमुळे पुढे मूलबाळ होत नाही. काय बोलावं?
— आशा स्वयंसेविका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : ताई, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तापाचं आधी सांगितलं नाही, की ताप आल्यावर अफवा खरी वाटते. म्हणून सुई टोचण्याआधीच सांगा : पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्र लसीतल्या डांग्या खोकल्याच्या घटकामुळे ताप येतो, मांडी सुजते, आणि बहुतेक वेळा दोन दिवसांत उतरतं. पॅरासिटामॉल ताप आल्यावरच द्यायचं, आधी नाही. मात्रा किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. पाच किलोच्या बाळाला १०० मिलिग्रॅम प्रति मिलीचे थेंब असतील तर अर्धा मिली, ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर दोन मिली. थेंबांच्या बाटलीतून सिरपची मात्रा दिली की औषध चौपट जातं. बाटली हातात घेऊन दाखवा. दोन तासांत उतार नसेल तरी लगेच दुसरा डोस नको, सहा तासांचं अंतर हवं. तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, झटका किंवा बाळ गळून जाणं म्हणजे थेट दवाखाना. लसीनंतर अर्धा तास सगळ्यांना बसवून घ्या.

आईला कुपीवरची खूणही दाखवा. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस चांगली; दोन्ही सारखे किंवा चौकोन गडद झाला तर ती कुपी वापरायची नाही. मात्र ही खूण उष्णतेचीच आहे, गोठल्याचं ती सांगत नाही. बर्फाचे पॅक हलवल्यावर आत पाणी वाजत नसेल तर ते लस नेायच्या पेटीत (कॅरिअरमध्ये) तसेच ठेवू नका, असं सिस्टरला सांगा. पेंटाव्हॅलंट गोठली की वाया जाते.

वंध्यत्वाची अफवा जुनी आहे. पोलिओच्या थेंबांबद्दल ती पश्चिम उत्तर प्रदेशात होती. नायजेरियात कानो राज्याने २००३ मध्ये याच संशयावरून थेंब थांबवले, आणि तिथला विषाणू पोलिओ गेलेल्या देशांतही पुन्हा पोहोचला. उत्तर प्रदेशात नुसत्या भाषणांनी काम झालं नाही. त्याच मोहल्ल्यातल्या बायका घरोघर गेल्या, मौलवी सोबत आले. नैसर्गिक पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. लहानपणी ते थेंब घेतलेल्या पोरी आज आई झाल्या आहेत. तुमच्या पाड्यावरही अशा असतील. त्यांनाच बोलू द्या. आजीबाईंशी वाद घालू नका, त्यांना लसीकरणाच्या सत्राला बोलवा. गोवर-रुबेलाचे डोस राहून गेले की काय होतं ते २०२२ च्या गोवराच्या साथीत मुंबईत गोवंडीने पाहिलं आहे.

प्रश्न : मला १२ दिवसांपूर्वी डाव्या दंडात फ्लूची लस दिली. पुढच्या आठवड्यात मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आहे. पुढे ढकलू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ढकलू नका, विशेषतः स्तनात गाठ किंवा स्राव असेल तर. लसीने त्या बाजूच्या काखेतल्या ग्रंथी काही आठवडे मोठ्या दिसू शकतात. फॉर्मवर लसीचं नाव, दंड आणि तारीख लिहा. गरज वाटली तर डॉक्टर काही आठवड्यांनी काखेची सोनोग्राफी पुन्हा करायला सांगतील. ती चुकवू नका.