लेथवर कामगार होतो, आज स्वतःचं वर्कशॉप आहे, 12 माणसं आहेत, तरी मनातून अजून कामगारच वाटतं, गावाकडेही अजून मिस्त्रीच म्हणतात. रेट सांगताना जीभ अडखळते. काय करू?

माझंही जॉबवर्कचंच, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट करून द्यायचं वर्कशॉप आहे, भोसरी एमआयडीसीत, आणि सुरुवात लेथवरचा टर्नर म्हणूनच, त्यामुळे बोलतोय. मन बदलायच्या मागे लागू नका, मोटिवेशनचे व्हिडिओ बघून तर नाहीच नाही. ही जुनी ओळख मनात कमी आणि रोजच्या सवयींत जास्त मुरलेली असते.

आता रेटचंच बघा. कस्टमर कंपनीचा परचेसवाला "काय शेठ" म्हणाला की आपण लगेच "अहो कसले शेठ, आम्ही छोटी माणसं" आणि तो तेवढ्यात पाच टक्के पाडून घेतो, छोट्या माणसाचा रेट पण छोटाच ना! जीभ अडखळते कारण आकडा अंदाजपंचे असतो. मशीन अवर रेट कागदावर काढा, हप्ता, घसारा, लाइट बिल, इन्सर्ट म्हणजे कापायच्या टिप, ऑपरेटरचा पगार, रिजेक्शन, भाडं आणि हो, तुमचा स्वतःचा पगार पण धरा, महिन्याच्या महिन्याला घरच्या खात्यात जाणारा, "उरलं तर घेऊ" वाला नाही. तासाचा खरा खर्च एकदा डोळ्यासमोर आला की त्याच्या खालचा आकडा तोंडातून निघतच नाही.

दुसरं म्हणजे शॉप फ्लोअर. बोअरची, म्हणजे पार्टच्या भोकाची साइज पळाली, मशीन लावणाऱ्या सेटरने हाक मारली की आपण ते मोजायचं बोअरगेज घेऊन धावतो, बरं वाटतं कारण तिथे आपण उस्ताद असतो, पण सेटर ऑफसेट द्यायला, म्हणजे मशीनमध्ये मापाची दुरुस्ती टाकायला शिकत नाही आणि क्वोटेशन तसंच पडून राहतं. सकाळी मी केबिनमध्ये बसतो, तेवढा वेळ हाक मारायची नाही असं सांगून ठेवलंय. मशीन पूर्ण सोडू मात्र नका, ड्रॉइंग बघून जागेवर सायकल टाइम, म्हणजे एका पार्टला लागणारा वेळ सांगणारा मालक कस्टमरला हवाच असतो.

आणि पेमेंट. स्वतःचेच पैसे मागताना आपण उधार मागितल्यासारखे बोलतो. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याने पैसे द्यायला कस्टमरला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवस, करार नसेल तर 15, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. वर 2023-24 पासून इन्कम टॅक्सचा, 43बी(एच) कलमाने आलेला नियम आहे, मुदत उलटली आणि 31 मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत तर कस्टमरला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, म्हणून मार्चमध्ये त्यांचेच अकाउंटवाले फोन करतात. बिलावर उद्यम नंबर छापा. एप्रिल 2025 पासून 10 कोटी टर्नओव्हर आणि अडीच कोटी गुंतवणुकीपर्यंत सरकारही तुम्हाला सूक्ष्मच म्हणतं, तर कागदावर बिनधास्त छोटे रहा, फायदाच आहे.

गावाकडे अजून मिस्त्री म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणू देत हो. माझे मामा मला अजून हेल्परच म्हणतात आणि भाच्या-पुतण्यांना चिकटवायला फोनही मलाच करतात.